पिस्टनखालची हवा

इंजिन मोठे करणे हा मोटारसायकलींच्या जगातला फार जुना आणि फार मोहक उद्योग आहे, आणि या उद्योगात ज्यांनी हयात घालवली त्यांच्यापैकी बहुतेकांचे लक्ष, साहजिकच, पिस्टनच्या वरच्या बाजूस खिळलेले असते. तेथे मिश्रण येते, दाबले जाते, पेट घेते, आणि त्या ज्वलनातून जी शक्ती निर्माण होते तिचा आकडा डायनोच्या कागदावर छापून गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. पिस्टनच्या खाली, क्रँककेसच्या अंधारात, तोच पिस्टन प्रत्येक फेऱ्यात तितकीच हवा ढकलीत आणि ओढीत असतो; परंतु त्या हवेचा आकडा कोणी छापत नाही, तिच्यासाठी कोणी पदरचे पैसे मोजत नाही, आणि ती कोठून बाहेर पडते हा प्रश्न, बूट तेलाने भिजेपर्यंत, कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकी धाटणीच्या मोठ्या व्ही-ट्विन इंजिनांची बांधणी आणि दुरुस्ती करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि त्या वर्षांनी माझ्या मनात जी एक गोष्ट पक्की रुजवली ती अशी की, इंजिन ज्या प्रमाणात वाढवावे त्याच प्रमाणात त्याच्या पोटातल्या हवेच्या निर्गमाचा बंदोबस्तही वाढवावा लागतो, आणि या बंदोबस्तात कसूर झाली तर बाकी सर्व कारागिरी, कितीही उत्तम असली तरी, व्यर्थ जाते.

या विषयाची पहिली ओळख मला अमेरिकेत झाली नाही. ती कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. एका बाजूस लेथ, दुसऱ्या बाजूस सिलिंडर बोअर करण्याचे यंत्र, आणि मध्ये ओळीने उभ्या असलेल्या बुलेट, अशी त्या शेडची मांडणी होती. बुलेट ३५० चे इंजिन ३४६ घनसेंटिमीटरांचे आणि एकाच पिस्टनचे. तो पिस्टन खाली आला की त्याच्या खालची तेवढी हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते आणि ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडू पाहते. त्या नळीच्या टोकाशी बदकाच्या चोचीसारखे चपटे, मध्ये चीर असलेले रबर असते. आतून दाब आला की चीर उघडते, पिस्टन वर जाऊ लागला की मिटते. हवा बाहेर जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. उन्हाने आणि तेलाने ते रबर कालांतराने ताठरते, चीर चिकटून बसते, आणि मग टायमिंग कव्हरच्या सांध्यातून, टॅपेटच्या झाकणातून, जेथे जेथे वाट मिळेल तेथून तेल झिरपू लागते. आम्ही पोरे लगेच पॅकिंग कापायला बसत असू. आमचे मिस्त्री मात्र आधी नळीचे ते टोक बोटांत धरून चोळून पाहत आणि म्हणत, "आरं, पॅकिंग बदलून काय हुतंय? आदी तिचा दम कुठं अडकलाय त्ये बघ." दहा-पंधरा रुपयांच्या रबराने जे काम होत असे ते नव्या पॅकिंगने होत नसे, हे मी त्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिले, मात्र त्याचे गणित समजून घेण्याचा योग पुष्कळ पुढे आला.

तो योग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आला. १९०३ साली हार्ली-डेव्हिडसनचा जन्म ज्या मिलवॉकी शहरात झाला, त्या शहरापासून काही अंतरावरच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला लागलो. तेथे मूळ कंपनीची नव्हे, तर तिच्या धाटणीवर अन्य कारखान्यांनी घडवलेली मोठी इंजिने बांधली जात. या उद्योगाची परंपरा लहान नाही. जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टॅन्कोस या दोघांनी १९५८ साली इलिनॉय राज्यात एस अँड एस ही कंपनी सुरू केली ती हलक्या, भरीव पुशरॉडच्या विक्रीवर. पुढे स्मिथ यांनी स्ट्रोक वाढवणारी फ्लायव्हील्स घडवून जुन्या इंजिनांचे घनमान वाढवण्याचा मार्ग प्रशस्त केला, आणि १९६९ साली ती कंपनी विस्कॉन्सिनमधल्या व्हायोला नावाच्या खेडेवजा गावी आली. फ्लायव्हील्सपासून आरंभ झालेला हा व्यवसाय कालांतराने संपूर्ण इंजिनापर्यंत पोहोचला. हार्लीचे १९८४ सालचे इव्होल्यूशन इंजिन १३४० घनसेंटिमीटरांचे होते; त्याच चौकटीत बसणारी ११३ घनइंचांची म्हणजे सुमारे १८५० घनसेंटिमीटरांची, १२४ घनइंचांची म्हणजे सुमारे २०३० घनसेंटिमीटरांची, आणि त्याहूनही मोठी इंजिने बाजारात मिळू लागली. अनेक लहान मोटारगाड्यांच्या चारही सिलिंडरांचे मिळून जेवढे घनमान भरत नाही तेवढे येथे दोन पिस्टनांच्या वाट्याला येते, ही गोष्ट उमजली म्हणजे त्या पिस्टनांच्या खाली काय चालले असेल याचा थोडा अंदाज येतो.

क्रँककेसमधल्या दाबाची कारणे दोन, आणि ती वेगवेगळी ओळखता येणे हाच या कामातला पहिला धडा होय. पहिले कारण म्हणजे रिंगांच्या कडेने खाली निसटणारे वायू. कितीही उत्तम रिंग असली तरी ज्वलनाच्या प्रचंड दाबापुढे तिच्यामागून काही अंश निसटणारच, आणि तो अंश खाली साचतच जाणार. दुसरे कारण पिस्टनांच्या हालचालीचे, आणि येथे व्ही-ट्विनची खास अडचण उभी राहते. चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन खाली येत असता दोन वर जात असतात. खालची एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते, हवा केवळ या कप्प्यातून त्या कप्प्यात जाते. हार्लीच्या धाटणीत दोन सिलिंडरांमधला कोन ४५ अंशांचा, आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे दोन्ही पिस्टन थोड्याशा अंतराने का होईना, पण बरोबरच खाली येतात आणि बरोबरच वर जातात. हिशेब मांडला तर दोन्ही सिलिंडरांच्या एकूण घनमानाच्या सुमारे ९२ टक्के इतका फरक क्रँककेसच्या जागेत प्रत्येक फेऱ्यात पडतो. हाच कोन ९० अंशांचा असता, जसा तो ड्युकाटीच्या इंजिनांत असतो, तर हा फरक ७१ टक्क्यांवर आला असता. म्हणजे १२४ घनइंचांच्या इंजिनात पावणेदोन लिटरांहून अधिक जागा प्रत्येक फेऱ्यात मिटते आणि उघडते, आणि मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या गतीवर हे सेकंदाला ८३ वेळा घडते. एवढी उलथापालथ ज्या डब्यात चालली आहे त्याच डब्यात फ्लायव्हील्स तेल घुसळीत आहेत, आणि त्या डब्याला बाहेर जाण्यासाठी जी वाट ठेवली आहे ती काही मिलिमीटरांची आहे, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचे सर्व वाचावे.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे मोठे भोक पाडून नळी लावणे. आणि तो चुकीचा आहे. उघडे भोक जितकी हवा बाहेर सोडते तितकीच पिस्टन वर जाताना आत ओढते. बरोबर धूळ येते, दमट हवा येते, आणि त्या ये-जा करणाऱ्या प्रवाहाबरोबर तेलाचे तुषार बाहेर पडत राहतात. खरा उपाय म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. ती धडपणे काम करीत असली तर इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही फेऱ्यांतच आतली बरीचशी हवा बाहेर पडते, आणि झडप ती परत येऊ देत नाही. त्यानंतर क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच राहतो, आणि बाहेर पडायला उरतात ते केवळ रिंगांमागून निसटलेले वायू. अशा अवस्थेत सांध्यांतून आणि सीलांमधून तेलाला बाहेर ढकलणारे आत काही उरतच नाही. सुस्थितीतल्या इंजिनाला तेलाने भिजण्याचे कारण राहत नाही ते यामुळे.

जुन्या मोठ्या हार्लींत, १९३६ च्या नकलहेडपासून १९९९ पर्यंत बनलेल्या इव्होल्यूशनपर्यंत, ही झडप गिअरवर चालणारी होती. क्रँककेसच्या उजव्या बाजूस, कॅमच्या कप्प्यात, कॅमच्या मोठ्या गिअरशी गुंतलेला एक पोकळ, दंडगोल गिअर बसवलेला असे. त्याच्या अंगात खिडकी कापलेली असे, आणि तो क्रँकच्या गतीने फिरत असल्यामुळे पिस्टन खाली येण्याच्या वेळी ती खिडकी क्रँककेसच्या वाटेसमोर येई आणि पिस्टन वर जाण्याच्या वेळी सरून जाई. या रचनेचे सौंदर्य असे की ती केवळ हवा सोडत नसे. खाली येणाऱ्या पिस्टनांच्या दाबाने तळाशी साचलेले तेलही त्याच वाटेने कॅमच्या कप्प्यात फेकले जाई, आणि तेथून परतीचा पंप ते उचलून टाकीत पोहोचवी. म्हणजे ज्या दाबाला आपण उपद्रव समजतो तोच दाब, योग्य क्षणी आणि योग्य वाटेने सोडला तर, तेल उपसण्याचे काम बिनतक्रार करीत असे. म्हणून या झडपेची वेळ चुकली की दोन अनर्थ एकदम होतात: दाब राहतो आणि तेलही तळाशी राहते. त्या साचलेल्या तेलात फ्लायव्हील्स फिरू लागली की इंजिन जड होते, तापते, आणि तेलाचे धुके मिळेल त्या वाटेने बाहेर फेकू लागते.

हा गिअर बसवण्याचे काम मला अत्यंत प्रिय होते, आणि नव्या हाताला शिकवण्यासाठी त्याच्याइतके चांगले काम मला माहीत नाही. कॅमच्या गिअरवर दोन खुणा असतात, एक क्रँकच्या पिनियनसाठी आणि एक ब्रीदरसाठी. तिन्ही गिअरांच्या खुणा जुळवल्या म्हणजे काम झाले असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. पण गिअरची लांबी आणि कव्हरची खोली यांत पडणारी फट मोजायची राहिलेलीच असते. कप्प्याच्या तोंडावर पॅकिंग ठेवावे, त्यावर सरळ पट्टी धरावी, पट्टी आणि गिअरच्या पुढचा वायसर यांच्यामध्ये फीलर गेजची पात एकामागून एक सरकवून पाहावी. पात जेथे किंचित घासत जाते तो आकडा कागदावर लिहावा, आणि तो ठरलेल्या मर्यादेत नसेल तर वायसर बदलून पुन्हा मोजावे. फट फार झाली तर गिअर पुढेमागे सरकत राहतो आणि खिडकी नेमकी जागेवर येत नाही. फारच कमी झाली तर कव्हर आवळल्यावर गिअर अडकतो आणि कॅमचे दातच धोक्यात येतात. कंपनीने इव्होल्यूशनमध्ये हा गिअर प्लॅस्टिकचा ठेवला होता. मोठ्या इंजिनांसाठी तो पोलादाचा आणि अधिक रुंद खिडकीचा मिळू लागला, आणि पुढे काही बनावटींत त्या फिरत्या गिअरच्या जागी पातळ पात्यांची रीड झडप आली. दोहोंतला फरक मी शिकाऊ मुलांना असा सांगत असे की एक वेळापत्रकावर चालणारा फाटकवाला आहे आणि दुसरा गाडीची चाहूल घेऊन फाटक उघडणारा आहे. पहिल्याला गाडी उशिरा आली तरी तेच वेळापत्रक पाळावे लागते, दुसरा दाब आला की उघडतो आणि ओसरला की मिटतो. यांत श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक आहे. दोघांनाही वाट पुरेशी रुंद लागते, हेच खरे.

मोठ्या घनमानाचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. इव्होल्यूशनच्या मूळ सिलिंडरांचा व्यास साडेतीन इंच आणि स्ट्रोक सव्वाचार इंच. १२४ घनइंचांच्या एका प्रचलित बनावटीत व्यास चार पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि स्ट्रोक चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच. घनमान दीडपट झाले. रिंगेची कड, जिच्यामागून वायू निसटतात, सुमारे १८ टक्क्यांनी लांबली. त्याच गतीला पिस्टनचा वेगही वाढला. ज्वलनाचा दाबही बहुधा वाढलेलाच असतो. आणि एवढे सगळे वाढले असता बाहेर पडण्याची वाट, पुष्कळदा, जुन्या इंजिनाच्या मापाचीच ठेवलेली असते. इतकेच नव्हे, तर दिखाऊ, चकचकीत फिटिंगच्या हौसेपायी ती मूळ मापापेक्षाही अरुंद झालेली असते. नळी बाहेरून मोठी दिसते, पण फिटिंगच्या आतले भोक पाहिले म्हणजे खरा प्रकार ध्यानात येतो. म्हणून अशा इंजिनाची कोणतीही नळी मी हाती घेतली की तिचे बाहेरचे माप सोडून आतल्या भोकात ड्रिलची मागची बाजू घालून पाहण्याची सवय मला लागली.

एक प्रकरण तपशिलाने सांगतो, कारण त्यात या विषयाचे सर्व धागे एकत्र आले होते. एक निवृत्त शिक्षक आपली मोटारसायकल ट्रेलरवर घालून आमच्याकडे घेऊन आले. इंजिन १२४ घनइंचांचे, दुसऱ्या एका वर्कशॉपने बांधलेले. साउथ डकोटातल्या स्टर्जिस गावी ऑगस्टमध्ये मोटारसायकलस्वारांचा जो प्रचंड मेळा भरतो, तेथून परत येताना त्यांचा उजवा बूट आणि पँटचा पाय तेलाने चिंब झाला होता, आणि मागच्या सिलिंडरच्या बुडाशी, बेस पॅकिंगच्या सांध्यातून, काळपट ओघळ उतरला होता. ते पॅकिंग यापूर्वीही बदलले गेले होते, सिलिंडरचे पृष्ठभाग घासून सपाट केले गेले होते, आणि तरीही हजारभर मैलांत ओघळ परत येत असे. गिऱ्हाइकाचा सिलिंडरच बदलून टाकण्याचा विचार पक्का होत आला होता.

आम्ही इंजिन खोलण्यापूर्वी मोजले. या धाटणीच्या क्रँककेसला डाव्या बाजूस टायमिंग पाहण्यासाठी एक भोक असते, आणि ते सरळ फ्लायव्हीलच्या कप्प्यात उघडते. त्याचा प्लग काढून तेथे एक नळी बसवली, ती इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेल्या पारदर्शक नळीला जोडली, आणि त्या नळीत रंगवलेले पाणी भरले. दर फेऱ्याबरोबर पाणी थरथरू नये म्हणून मधल्या जोडात बारीक भोकाची चकती घातली. धडधाकट इंजिनात पाण्याची पातळी इंजिनाच्या बाजूस जराशी वर चढते, म्हणजे आत किंचित ओढ असते. या इंजिनात, ते पुरते तापल्यावर गती वाढवताच, पाणी दुसऱ्या बाजूस ढकलले जाऊ लागले; गती आणखी वाढवली तेव्हा ते नळीच्या तोंडातून उसळून जमिनीवर पडले. वर्कशॉपमधले सर्वजण त्या ओल्या जमिनीकडे पाहत राहिले. सिलिंडर आणि पॅकिंग या दोन्ही निर्दोष गोष्टींवर जो आरोप इतके दिवस चालला होता त्याची फेरतपासणी त्या पाण्याने एका क्षणात करून दाखवली.

मग वाट शोधली. १९९३ पासून मोठ्या हार्ली इंजिनांत निर्गमाचे स्थान बदलले. हवा क्रँककेसमधून पुशरॉडच्या नळ्यांवाटे वर रॉकर बॉक्समध्ये जाते, तेथील लहान रबरी झडपेतून पुढे सरकते, आणि हेडमध्ये आडव्या बसवलेल्या पोकळ बोल्टांवाटे एअर क्लीनरमध्ये शिरते. या इंजिनाची रचनाही तशीच केली होती. एअर क्लीनर उघडला तेव्हा पुढच्या हेडकडचा फिल्टरचा भाग तेलाने थबथबलेला आणि मागचा जवळजवळ कोरडा दिसला. मागचा पोकळ बोल्ट काढून उजेडासमोर धरला, तर आरपार काही दिसेना. बोल्ट बसवताना त्याच्या आट्यांना सीलिंग पेस्ट सढळ हाताने फासली होती, तिचा जादा भाग आत दाबला जाऊन भोकाच्या तोंडाशी वाळला होता, आणि त्या करड्या पडद्यात टाचणी जाईल एवढीच फट उरली होती. दोन सिलिंडरांच्या इंजिनाचा सगळा निर्गम एकट्या पुढच्या हेडवर येऊन पडला होता. ती वाट अपुरी, म्हणून तिच्यातून जो प्रवाह जाई तो तेल ओढून नेई आणि बूट भिजवी, आणि जो दाब जाऊ शकत नसे तो सिलिंडरच्या बुडाशी सांधा फोडी. पडदा काढला, दोन्ही बोल्टांची आतली भोके स्वच्छ केली, रबरी झडपा नव्या घातल्या, पॅकिंग मात्र बदलावेच लागले. आणि पुन्हा मोजले तेव्हा पाणी इंजिनाच्या बाजूस चढून तेथेच स्थिर राहिले. सिलिंडर बदलण्याची तजवीज रद्द झाली.

याच्या उलट प्रकरणेही असतात, आणि त्यांची दखल न घेणे म्हणजे या विषयाचे अर्धेच सत्य सांगणे होय. वाट मोकळी आहे, झडप धड आहे, आणि तरीही दाब आहे, असे दिसले की दोष वरून येतो आहे असे समजावे. अशा वेळी पिस्टन वरच्या टोकाशी आणून, सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून, ती कोठे निसटते ते ऐकावे. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हाल्व्ह, कार्ब्युरेटरमध्ये आली तर इनटेक, आणि ब्रीदरच्या तोंडाशी कान नेल्यावर वाऱ्यासारखा अखंड सूर आला तर रिंगा. मोठ्या व्यासाच्या सिलिंडरांत याचे एक कारण वारंवार भेटते. या इंजिनांत हेड आणि सिलिंडर दोन्ही लांब स्टडांनी क्रँककेसवर आवळले जातात, आणि त्या ताणाने सिलिंडर किंचित आकार सोडतो. म्हणून होनिंग करताना त्याच ताणाचा अनुभव सिलिंडरला देण्यासाठी वरखाली जाड पोलादी टॉर्क प्लेटा आवळाव्या लागतात. त्या न वापरता केलेले होनिंग टेबलावर गोल असते आणि इंजिनात गोल राहत नाही. रिंग पूर्ण टेकत नाही, आणि वायूंचा ओघ खाली वाहू लागतो. अशा इंजिनाला केवढीही रुंद नळी लावली तरी ती रोगाला वाट देते, रोग बरा करत नाही.

विस्कॉन्सिनच्या हिवाळ्याने या ज्ञानात आणखी एक भर घातली. निसटलेल्या वायूंत पाण्याची वाफ असते. इंजिन पुरेसे तापून चालले तर ती निर्गमावाटे निघून जाते. पण पारा शून्याखाली असताना चार मैलांवरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येणाऱ्या मोटारसायकलीचे तेल कधी तापतच नाही. वाफ रॉकर बॉक्सच्या थंड धातूवर आणि नळीच्या भिंतीवर निवून पाणी होते, तेलात मिसळते, आणि फिकट पिवळसर मलई जमते. ती मलई नळीत साचून थंडीत घट्ट झाली की उत्तम मापाची नळीही बंद पडते. मार्चमध्ये बर्फ वितळू लागल्यावर येणाऱ्या पहिल्या गाड्यांच्या नळ्या काढून पाहणे हे आमच्याकडे नियमात बसलेले काम होते, आणि त्यासाठी नळी शक्य तितकी सरळ, चढती, आणि इंजिनाच्या ऊबेत राहील अशी नेण्याचा आम्ही कटाक्ष ठेवीत असू.

आता ही हवा सोडायची कोठे, हा प्रश्न उरतो, आणि तो केवळ यंत्राचा नाही. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा शोध घेताना क्रँककेसमधून निसटणाऱ्या, न जळलेल्या इंधनाने भरलेल्या वायूंकडे लक्ष गेले, आणि कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या आरंभी नव्या मोटारींत ते वायू परत इंजिनातच ओढून जाळण्याची सक्ती केली. वाहनांच्या प्रदूषणावरचा तो अमेरिकेतला पहिला यांत्रिक इलाज होता. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचे नियम नव्या मोटारसायकलींनाही लागू झाले. गिऱ्हाइकाला हे रुचत नाही, कारण परत ओढलेल्या वायूंबरोबर तेलाचे धुके ज्वलनकक्षात जाते, काजळी धरते, आणि जास्त झाले तर नॉकिंगही सुरू होते; म्हणून तो म्हणतो, नळी खाली सोडा, रस्त्यावर थेंब पडले तर पडू देत. मी हे कधी मान्य केले नाही. रस्त्यावर पडलेले तेल मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाखाली येते, आणि आपल्या इंजिनाचा उपद्रव दुसऱ्याच्या जिवावर ढकलण्याचा अधिकार कोणालाही नाही. वायू आणि तेल वेगळे करणारा कप्पा मध्ये बसवावा, तेल परत टाकीत जाईल अशी व्यवस्था करावी, आणि कोरडा वायू एअर क्लीनरमध्ये द्यावा. यासाठी जागा शोधावी लागते, वेळ लागतो, पण असे केलेले इंजिन स्वच्छ चालते आणि त्याच्या मालकास कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

अंदाजपत्रकात ही कामे लिहिण्याचा आग्रह मी धरला, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. पिस्टन, कॅम, कार्ब्युरेटर यांच्या रकमा गिऱ्हाइक आनंदाने मान्य करते. ‘ब्रीदर आणि निर्गम’ या ओळीवर त्याचे बोट थांबते, कारण तिच्यातून एकही अश्वशक्ती वाढत नाही. मी त्याला सांगत असे की वाढलेल्या अश्वशक्तीचा उपभोग ज्या ओळीवर अवलंबून आहे ती हीच. बाकीच्या ओळी इंजिन मोठे करतात, ही ओळ ते मोठे इंजिन शाबूत ठेवते. काहींना पटे, काहींना न पटे. ज्यांना पटले नाही त्यांच्यापैकी कोणी पुढे बूट भिजवून परत आला, तरी त्याला जुन्या बोलण्याची आठवण करून देणे मला कधी प्रशस्त वाटले नाही. त्याचे इंजिन तेवढे नीट करून दिले.

अलीकडे पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात तरुण मंडळी बुलेटचे बोअर वाढवतात, मोठे पिस्टन आणि निराळे कॅम घालतात, आणि काहीजण बाहेरून आणलेली मोठी व्ही-ट्विनही उघडून बांधू लागले आहेत, हे पाहून मला मनापासून आनंद होतो. उद्यमनगरच्या लेथवर ज्या हातांनी पंपांचे आणि ऊसगाड्यांचे भाग घडवले त्या हातांना हे काम जड नाही. त्यांना माझे सांगणे एवढेच की नव्या घनमानाचा हिशेब मांडताना कागदाच्या मध्ये एक रेघ ओढावी, डाव्या बाजूस आत येणारे सर्व लिहावे आणि उजव्या बाजूस बाहेर जाणारे. आणि क्रँककेसची हवा उजव्या बाजूस लिहिली गेल्याशिवाय सिलिंडर बोअरिंगच्या यंत्रावर चढवू नये. आणि गळती दिसली तर, पाना हाती घेण्याआधी, साधी पारदर्शक नळी पाण्याने भरून क्रँककेसला जोडावी. पाणी कोणत्या बाजूस चढते ते पाहावे, आणि मगच ठरवावे की खोलायचे काय.